किटलीत माडी होती

कथा म्हणजे जर्नल नव्हे, सर. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणणार आहे, तेव्हा मधे बोलू नका. दिवाळीची सुट्टी, एस.टी. स्टँड, तुम्ही पिंपळाच्या पारापाशी उभे, काखेत छत्री. पाऊस संपून महिना झालेला, तरी छत्री. मी एकोणीस वर्षांची, अलिबागच्या कॉलेजातून घरी आलेली, पहिलीवहिली कथा दिवाळी अंकात छापून आलेली, त्यामुळे जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते. तुम्ही म्हणालात, "वाचली. भाषा चांगली आहे. निरीक्षण कच्चं आहे." सात शब्द. मी पेटले. म्हटलं, "सर, कथा म्हणजे जर्नल नव्हे. जे दिसलं तेच लिहायला ते काय प्रॅक्टिकल आहे का?" आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले. मागून तुम्ही काही म्हणालात का, ते मला आजपर्यंत माहीत नाही. त्याला तेरा वर्षं झाली. त्यातली अकरा तुम्ही नाही आहात. आणि मी अजून भांडतेच आहे.

आता म्हणाल, आजच का आठवण आली? तर आज दुपारभर मी तुमचंच प्रॅक्टिकल करतेय म्हणून. हसू नका. अकरावी-बारावीला तुमच्याकडे केमिस्ट्री शिकले, पुढे बी.एस्सी. केलं, आणि शेवटी झाले लेखिका. म्हणजे काय, तर एक अख्खी कादंबरी क्रियापदांशिवाय लिहिली. छापली. वाचली कुणी ते विचारू नका. प्रकाशक म्हणाले, "फार वेगळं आहे," आणि आपल्याकडे 'फार वेगळं' हे कुठल्या सुरात म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, कालवणात मीठ विसरल्यावर पाहुणे म्हणतात तसं. पुण्यात राहिले, ठाण्यात राहिले, परत पुण्यात. कुठेच वर्षभरावर टिकले नाही. सध्या किहीमला आहे. नारळाच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्या, पुढे मुंबईकरांचे बंगले. शनिवार-रविवार तिथे गाणी लागतात, बाकीचे पाच दिवस नुसती झावळ्यांची सळसळ, आणि मी. कधी कधी दोन दोन दिवस माझा आवाजच माझ्या कानावर पडत नाही, मग फ्रिज उघडून मोठ्याने म्हणते, "दूध संपलं." एवढंच. कोणीतरी बोललं असं वाटतं.

पोटासाठी मी वेबसाइटींना मजकूर लिहून देते. या आठवड्याचा विषय आलाय, उन्हाळ्यात घरच्या घरी करायचं रंगीत जिन कॉकटेल. नाक मुरडणाऱ्यांतले तुम्ही नाही. तुम्ही फक्त विचाराल, "अल्कोहोल किती टक्के?" बेचाळीस पूर्णांक आठ, सर. बाटलीवर लिहिलंय. मुंबईहून ज्या बाई मला कामं देतात त्यांचं म्हणणं, ग्लासात तीन रंगांचे थर दिसले पाहिजेत आणि तिन्ही रंग "आपल्या मातीतले" पाहिजेत. मातीतला रंग म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो वाडीच्या कुंपणावरचा गोकर्ण. सकाळी वीसेक फुलं तोडली, हिरवे देठ काढले, काचेच्या बरणीत टाकली, वर जिन ओतली. पाचव्या मिनिटाला पाकळ्यांच्या कडेने निळा धूर सुटल्यासारखा रंग उतरायला लागतो. अर्ध्या तासात सगळी जिन पेनातल्या शाईसारखी निळी आणि फुलं मात्र धुवून धुवून विटलेल्या कपड्यासारखी. मी समोर बसून बघत होते. हे एकट्याने बघायची गोष्ट नाही, असं उगाच वाटत राहिलं.

तेवढ्यात मावशी आली. मावशी म्हणजे या वाडीची देखभाल करणारी बाई, नारळ मोजते, बंगले झाडते आणि माझ्यावर लक्ष ठेवते. दारातूनच म्हणाली, "काय गो, शाई करतंस का काय?"

"दारू आहे, मावशी."

"निली?"

"फुलांनी निळी झाली. आता बघा हं." मी एका वाटीत चमचाभर जिन घेऊन वर लिंबू पिळलं. निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा गुलाबी.

"आगो बाय! भानामती हाय का काय?" मावशीने वाटी उचलून वास घेतला आणि लांब धरली. "कापूर टाकलास यात? आनी देवाची फुला दारूत घातलीस ती घातलीस, आता एकटीच पिनार?"

"हो."

"मंग रंग कुनाला दाखवाचा?"

असं म्हणून ती झाडू घेऊन पुढच्या बंगल्याकडे गेली.

मग प्रयोगाला बसले. पहिला ग्लास, बर्फ, टॉनिक, वरून निळी जिन. निळा गेलाच. सगळाच्या सगळा गुलाबी. टॉनिकमध्ये आधीच सायट्रिक ॲसिड असतं, बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तुमची विद्यार्थिनी ते वाचत नाही. दुसरा ग्लास, तळाला लाल रंग हवा म्हणून मावशीकडून कोकमाची बाटली आणली, ओतली, घोट घेतला आणि तोंड वाकडं. ते आगळ होतं, सर! सोलकढीचं, मिठातलं. सरबताचं साखरेतलं ते वेगळं, हे दिवेआगरच्या बाजूला वाढलेल्या मुलीने विसरावं? दोन्ही बाटल्या सारख्याच, दोन्हींत लालभडक, वर चिठ्ठी नाही. लागायला मात्र जमीन-अस्मान. तिसऱ्या ग्लासाला नीट अमृत कोकम आणलं. तळाला दोन बोटं कोकम, मग ग्लास भरून बर्फ, त्यावर अगदी हळू थंड सोडा, आणि शेवटी चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून निळी जिन. जमलं. खाली लाल, मधे जांभळं, वर निळं. खिडकीच्या उजेडात धरलं तर देवळातल्या रंगीत काचेसारखं दिसत होतं. चार मिनिटं टिकलं, मग सगळं एकात एक मिसळून गढूळ जांभळं. चवीला बरं लागतं, आंबट, गार, जिभेला किंचित कडू. मी तसंच लिहून पाठवलं, "थर चार मिनिटं टिकतात." बाईंचा लगेच फोन. "अगं, चार मिनिटं कशाला लिहितेस? लोकांचा मूड जातो. नुसतं 'सुंदर थर' म्हण ना."

म्हटलं, "चारच टिकतात पण."

"कोण घड्याळ लावून बघणार आहे?"

"मी बघितलं."

दारूच्या बाबतीत मी आता फार खरं लिहिते, सर. आता.

जिन मोजायला मी काय वापरलं माहितीये? तुमचं ते पन्नास मिलीचं मोजपात्र. बारावीचा शेवटचा दिवस, आम्ही सगळे पाया पडायला आलेलो, आणि तुम्ही मला थांबवून कपाटातून ते काढून देता. वरची कड टवका उडालेली. "शाळेला चालत नाही हे आता. तुला घे. मोजायला काहीतरी जवळ असावं माणसाच्या." बाकीच्या मुलींना तुम्ही पेन दिलेत, मला फुटकं मोजपात्र. तेव्हा मला राग आला होता. मला वाटलं, ते ब्युरेटवालं तुम्ही अजून विसरला नाहीत.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या मागची लांबडी कौलारू खोली, खिडकीतून पोफळी आत डोकावतात. रंग पालटून दाखवणारं फिनॉल्फ्थॅलीन संपलंय, नवीन कधी येईल पत्ता नाही. तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढता, आत गोकर्णाची फुलं. "आज शंकराला पाच कमी पडली," तुम्ही म्हणता, "त्याला चालतं. बोर्डाला चालत नाही." सगळा वर्ग हसतो. टेबलावर एक मोठी काचेची बरणी, तोंडाला मलमलीचं फडकं, आत पिवळसर पाणी, तुमच्या कोरीव अक्षरात चिठ्ठी, 'व्हिनेगर'. त्यात आम्ल किती ते काढायचं. गोकर्णाचं पाणी टाकलं की गुलाबी होतं. वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा, गुलाबीचं जांभळं, जांभळ्याचं निळं, आणि निळ्यात हिरवट झाक आली की थांबायचं. पहिलं रीडिंग नऊ पॉइंट आठ. दुसरं नऊ पॉइंट आठ. तिसरं मी घेतलंच नाही. नऊ पॉइंट आठ लिहून मोकळी झाले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तुम्ही जर्नल उचलता.

"तिन्ही सारखी?"

"हो सर."

"वा. देवाघरचा ब्युरेट मिळाला वाटतं. आपल्या शाळेच्या ब्युरेटची तोटी गळते, त्याच्यात माझ्याही हाताने तीनदा सारखं येत नाही."

आता वर्ग माझ्यावर हसतो. मी पटकन रबर घेते तर तुम्ही माझा हात धरता. "खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. चूक झाली तर ती दिसू दे. लपवलेली चूक फार वाईट, पोरी, ती पुढच्या आकड्यात शिरते." मी रेघ मारते. तिसरं रीडिंग घेते. नऊ पॉइंट सहा येतं.

आणि मग ती किटली. सकाळी मी सायकलवरून शाळेला यायचे तेव्हा माडीवाल्याच्या वाडीतून तुम्ही बाहेर पडताना दिसायचात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत छत्री, हातात स्टीलची झाकणाची किटली, आणि चाल अशी की किटली हिंदकळू नये. आपल्या गावात सकाळी सकाळी कुणी किटली घेऊन त्या वाडीतून निघाला तर दुसरं काय समजायचं? दूध थोडंच मिळतं तिथे! अलिबागला गेल्यावर होस्टेलच्या खोलीत मला घराची इतकी आठवण यायची की मी ती किटली लिहायला घेतली. एक मास्तर. केमिस्ट्री शिकवतो. रोज पहाटे माडी आणतो, दिवसभर थोडी थोडी पितो, हात थरथरतो म्हणून ब्युरेट मुलांच्या हातात देतो. पोरांना सगळं माहीत असतं पण कुणी बोलत नाही, कारण तो शिकवतो फार छान. कथेचं नाव 'माडीमास्तर'. मला वाटत होतं मी तुमच्यावर माया करून लिहिलंय. खरंच वाटत होतं. त्या किटलीतली माडी शाळेत जायची, बरणीत आंबून तिचं व्हिनेगर व्हायचं, बाटलीतलं विकतचं आणायला शाळा कबूल नव्हती म्हणून तुम्ही स्वतः ते करायचात, आणि ज्या बरणीतलं आम्ल मी ब्युरेटखाली मोजत होते ती बरणी म्हणजेच ती किटली, हे मला नंतर कळलं.

अंक वाचनालयात आला. आई फोनवर सांगायची, त्या पानांना हात लागून लागून तेलकट डाग पडलेत. छत्री, शर्ट, किटली, सगळं तसंच लिहिलेलं, कोण ते गावाने पहिल्या ओळीलाच ओळखलं. सुट्टी संपून शाळा उघडली तशी पोरांनी फळ्यावर 'माडीमास्तर' लिहून ठेवलं. तुम्ही वर्गात आलात, डस्टरने पुसलंत, हात झटकलेत आणि बेंझीनची रचना काढायला घेतलीत, असं म्हणतात. त्या दिवसापासून तुम्ही त्या वाडीत गेला नाहीत. व्हिनेगरचं प्रॅक्टिकल पुढच्या वर्षी तुम्ही नुसतं फळ्यावर शिकवलंत. आणि दोन वर्षांनी तुम्हाला कावीळ झाली, पोटात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले की कधी काळी ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं त्यातून आलेलं जुनं दुखणं आहे. पण एवढं लांबलचक कोण ऐकतं? गावाने 'लिव्हर' एवढा एकच शब्द ऐकला आणि मान हलवली. तेराव्याला मी आले होते, सर. तुमच्या फाटकापर्यंत. बाहेर बाकावर दोघे जण पान खात बसले होते.

"लिव्हरच ना?"

"मग? दुसरं काय होणार? माडीमास्तर."

माझं शीर्षक. इतक्या सहज, नाव-आडनाव घ्यावं तसं. मी फाटकाच्या कडीवरचा हात काढून घेतला आणि आल्या पावली स्टँडवर गेले. आत काकू तुमच्यामागे एकट्या पानं वाढत होत्या, ते मला पोफळींमधून दिसत होतं. तेव्हापासून मी गावी जाते ती आईकडे, मागच्या रस्त्याने. तुमच्या घरावरून नाही. आई आता भावाकडे कल्याणला असते, त्यामुळे तेही संपलं.

परवा काकूंचा फोन आला. नंबर आईकडून घेतला म्हणाल्या. मला आधी आवाज ओळखू येईना.

"लेखिकाबाई, ओळखलंत का?"

"काकू!"

"चला, ओळखलंस. मला वाटलं मोठी झालीस, विसरलीस." मग इकडचं तिकडचं. वादळात अर्ध्या पोफळी गेल्या, आत्ता कुठे नवीन हाताशी यायला लागल्यात. दोन खोल्या पर्यटकांना देतात, पण लोक जेवले की मोबाइल बघतात, बोलायला कुणी नसतं. मग मधेच म्हणाल्या, "एक काम होतं गं. वादळात प्रयोगशाळेचं छप्पर उडालं होतं ना, ते आता नवं झालं. ह्यांचे विद्यार्थी म्हणाले, सरांचं नाव देऊ. मला बोलावलं शाळेत. आणि कमिटीतले एक जण काय म्हणाले, माझ्या तोंडावर हां, 'शाळेच्या भिंतीवर दारुड्याचं नाव नको.' मी उठून आले. ह्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, हे मी कुणाकुणाला सांगू? बायको आहे म्हणजे म्हणणारच, असं म्हणतात."

मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"तुझी ती गोष्ट मी वाचलेली नाही बाई. ह्यांनी अंक घरात येऊच दिला नाही. मला म्हणाले, 'पोरीचं निरीक्षण चुकलंय. मोठी झाली की स्वतः दुरुस्त करेल.' तर रविवारी चार वाजता मीटिंग आहे. तू ये आणि तेवढं सांग, गैरसमजातून लिहिलं होतं म्हणावं. लहान होतीस. एवढं म्हटलंस की झालं, तुझं ऐकतील ते. येशील ना? आणि राहायलाच ये, मी सांदणं करते. एकटीला घर खायला उठतं गं."

मी हो म्हटलं. आणि त्या मिनिटापासून मी घरभर फिरतेय. काल रात्रीपासून चार ओळींचं भाषण लिहितेय. कादंबरीला इतका वेळ लागला नव्हता. 'गैरसमज' हा शब्द दुसऱ्या ओळीत आहे. चांगला शब्द आहे. त्यात कुणाचाच हात नसतो. गैरसमज आपोआप होतो, जसं दूध नासतं, जसं पोफळीला कीड लागते. मोठ्याने वाचून बघितलं तर छान वाटलं. फक्त तो शब्द आला की मी परत पहिल्यापासून वाचते. मग आज दुपारी ते सगळं बाजूला ठेवून जिन ढवळत बसले.

रविवार, सकाळ. काल इथेच थांबले होते. झोप लागली नाही म्हणणार नाही, लागली. उठल्यावर वरचं सगळं वाचलं.

वर एका ठिकाणी मी लिहिलंय, 'हे मला नंतर कळलं.' खोडलं नाही. एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं.

कथा पाठवली तेव्हा मला माहीत नव्हतं, हे खरं. पण अंक छापायला जायच्या आधी तीन आठवडे होते. ऑक्टोबरमधे दोन दिवस मी घरी आले होते, आणि मला वाटत होतं की कथेत माडीचा वास नीट उतरला नाहीये, जाऊन घेऊन बघावा. म्हणून मी त्या वाडीत गेले. म्हातारा माडीवाला नुकताच माडावरून उतरला होता, कमरेला कोयती, छातीवर साल घासून पांढरे ओरखडे. मी गप्पा मारता मारता सहज विचारल्यासारखं केलं, "मास्तर रोज येतात ना?"

"कोन, छत्रीवालं मास्तर? रोज खय? म्हयन्याचे दोनदा. नि ते पीत न्हाय गो. एकदा म्हटला, घ्या मास्तर, घोटभर चाखा, आत्ता उतरवलीय, साखर हाय नुसती. तं म्हनतात, मला पित्त होतं. शालंत नेतात ती. बरनीत घालून आंबवतात, पोरांना कायतरी शिकवाला." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तू व्हतीस ना त्याच शालंत?"

"हो," मी म्हटलं. "होते."

सायकल हातात धरून मी चालत घरी आले. ती बरणी, ते फडकं, ती चिठ्ठी, सगळं डोळ्यासमोर होतं. वासही आठवला, प्रयोगशाळेतल्या त्या आंबूस वासाखाली माडीचा गोडसर वास होता, आणि तो मी तेव्हाच ओळखला होता, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. पंधरवड्यानं संपादकांचा फोन होस्टेलच्या ऑफिसात आला. "अंक उद्या छपाईला जातोय. तुमच्या कथेत काही दुरुस्ती?"

आणि मी, सर, खरंच विचार केला. रेक्टरबाई समोर बसून रजिस्टर भरत होत्या, मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते. मला वाटलं, मास्तर पीत नसेल तर कथेत उरतं काय? एक माणूस किटली घेऊन शाळेत जातो. ते कोण छापणार? मी म्हटलं, "हो, एक आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम जास्त पडलाय." त्यांनी तो काढला.

तर निरीक्षण कच्चं नव्हतं. तिथे तुम्ही चुकलात. तुम्ही मला चुकलेली समजून सोडून दिलंत, काकूंनाही तेच सांगून ठेवलंत, आणि तुमची ती चूक मी तेरा वर्षं पांघरून बसले. स्टँडवर मी चिडले ते टीका केलीत म्हणून नाही. तुम्ही इतकं हलकं कलम लावलंत आणि मला ते पटकन घ्यावंसं वाटलं, म्हणून चिडले. पुढची क्रियापदं गाळून लिहिण्याची सगळी खटपट कशासाठी होती, ते मला आज सकाळी दात घासताना समजलं. क्रियापद नसलं की कुणी काय केलं ते सांगावंच लागत नाही.

भाषणातल्या 'गैरसमज' या शब्दावर आता रेघ आहे. त्याच्या वर लिहिलंय, 'मला माहीत होतं.' तीन शब्द. मीटिंगच्या आधी ते काकूंना स्वयंपाकघरात सांगायचे, मग सगळ्यांना. उलट क्रम चालणार नाही, त्यांनी ते परक्या माणसांत बसून ऐकायला नको. तुमच्या पत्त्यावर हे पत्र टाकलं तर उघडतील त्याच, म्हणून टाकत नाही. त्यांनी माझं तोंड बघून ऐकावं. नाव भिंतीवर लागेल का, माहीत नाही. लोकांना दारुडा मास्तर आवडतो, मलाही आवडला होता.

बाहेर रिक्षा येऊन उभी आहे. मावशी फाटकातून ओरडतेय, "आगो चल, तो थांबाचा न्हाय!" अलिबाग, मुरूड, आगरदांडा, तिथून दिघीची फेरीबोट. दोनपर्यंत पोचेन. काकूंनी सांदणांचे तांदूळ कालच भिजत घातले असणार. मी त्यांना राहते म्हणून सांगितलंय. पण दिघीहून परतीची बोट किती वाजता आहे ते मी जायच्या बोटीच्या आधी बघून ठेवलं, सर. सहाला आहे. निघते.